रबराचें झाड आणि टायरचा कारखाना

गेल्या गणेशचतुर्थीस आमच्या घरीं सर्व मंडळी जमली असतां, जेवणें आटोपल्यावर ओसरीवर एक वाद निघाला तो गौरीविसर्जनापर्यंत पुरला. एका बाजूस आमचे जांवई. ते टायरच्या एका कारखान्यांत कच्चा माल खरेदी करणाऱ्या खात्यांत आहेत. दुसऱ्या बाजूस आमचा पुतण्या. ह्यानें २००८ सालीं दोडामार्ग तालुक्यांतील आमच्या वडिलोपार्जित वरकस जमिनींतील जुनी काजू काढून सव्वा हेक्टरावर रबराचीं झाडें लावलीं. जांवयांचें म्हणणें असें कीं, देशाला लागतें तितकें रबर देशांत पिकत नाहीं, तेव्हां बाहेरून येणाऱ्या रबरावरील जकात उतरली पाहिजे. पुतण्याचें म्हणणें असें कीं, जकात उतरली तर लावणाऱ्यानें झाडें तोडून मोळ्या विकाव्यात. दोघेही आमच्या घरचे, दोघेही कष्टाळू, आणि दोघांच्याही बोलण्यांत खोटें कांहीं नाहीं. आम्ही जन्मभर मुलांस रूपें आणि समास शिकविले. रबराशीं आमचा संबंध काय तो खोडरबरापुरता. तथापि घरांतील दोन शहाण्या माणसांचें पटत नाहीं तें कां, हें समजून घ्यावें म्हणून जें वाचलें, पाहिलें व विचारलें, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम झाडाविषयीं. वड, पिंपळ, औदुंबर आदि वृक्षांस आपल्या वैद्यकांत क्षीरवृक्ष म्हणतात. त्यांच्याच कुळांतील आसामकडील एक वृक्ष रबर देतो. ह्याचीं जाड, चकचकीत पानें आज पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांतून कुंडींत दिसतात. मेघालयांत ह्याच्याच जिवंत मुळांचे पूल लोकांनीं ओढ्यांवर विणलेले आहेत. इंग्रज सरकारनें १८७३ सालीं आसामांत चारद्वार येथें ह्याची मुद्दाम लागवडही करून पाहिली. परंतु जगाच्या बाजारांत टिकला तो हा नव्हे. टिकला तो ब्राझीलच्या अरण्यांतील हेव्हिया, आणि तो वडाच्या गोतांतला नसून एरंडाच्या गोतांतला आहे! ज्या एरंडाची आमच्या सुभाषितकारांनीं इतकी थट्टा केली, त्याच्या ह्या दूरच्या भाऊबंदावर आज जगांतील मोटारी, विमानें आणि शस्त्रक्रियेचे हातमोजे अवलंबून आहेत.

ह्या झाडाचें बीं कांहीं आठवड्यांतच निकामी होतें. म्हणून १८७६ सालीं हेन्री विक्हॅम नांवाच्या इंग्रजानें ब्राझीलांतून सुमारें ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पतिउद्यानांत पोंचविल्या, तेव्हां त्यांतील शेंकडा चारांहून अधिक उगवल्या नाहींत. तेथील रोपें सिलोनास गेलीं, व १८७७ सालीं अवघीं २२ सिंगापुरास गेलीं. आशियांतील आजच्या रबराच्या बागा बहुतेक ह्या लहानशा कुटुंबाचाच विस्तार होत. पुढें सिंगापूरच्या उद्यानाचे अधिकारी हेन्री रिडले ह्यांनीं झाडास न मारतां रोज पातळ साल काढून चीक कसा घ्यावा, हें शोधून काढलें. ब्राझीलवाले विक्हॅमच्या कृतीस आजही चोरी म्हणतात. दैवाचा खेळ असा कीं, ब्राझीलांत ह्या झाडावर पानें करपविणारा एक बुरशीचा रोग आहे, आणि आशियांत तो अद्याप आलेला नाहीं. हेन्री फोर्डनें १९२८ पासून ॲमेझॉनच्या कांठीं रबराची नगरी वसविली ती ह्या रोगानें मोडली, व १९४५ सालीं त्यानें ती सोडून दिली. परंतु सारे वृक्ष एकाच कुळीचे असल्यामुळें तो रोग उद्यां इकडे आला तर काय, ही धास्ती रबराच्या शास्त्रज्ञांस सदैव असते.

हिंदुस्थानांत व्यापारी लागवडीचा आरंभ १९०२ सालीं झाला. पेरियार नदीच्या कांठीं तट्टेक्काड येथें कांहीं युरोपियन मळेवाल्यांनीं ती केली, त्यांतील जे. जे. मर्फी हा आयरिश गृहस्थ पुढें मुंडक्कयमच्या डोंगरांत स्थायिक झाला. त्रावणकोर-कोचीनची हवा ह्या झाडास मानवली, कारण वर्षभर विभागून पडणारा पाऊस व फारसा न चढणारा उन्हाळा हीं दोन्ही तेथें मिळाली. पण रबराचें नशीब त्या वेळींही परक्यांच्या हातीं होतें. भाव पडला कीं मलाया व सिलोन येथील सरकारें उत्पादनावर बंधनें घालीत. १९३४ च्या आंतरराष्ट्रीय करारांत हिंदुस्थानही सामील होता. नंतर १९४२ च्या फेब्रुवारींत सिंगापूर जपानच्या हातीं पडलें, आणि जगांतील बहुतेक रबर दोस्तराष्ट्रांच्या हातून एकदम गेलें. तेव्हां ह्याच सरकारनें मंडळ नेमून आमच्या मळेवाल्यांस सांगितलें कीं, झाडें मेलीं तरी चालतील, पण चीक काढा. युद्ध संपतांच भाव कोसळण्याची भीति उभी राहिली. त्यांतून १९४७ चा रबर कायदा झाला व कोट्टयमचें रबर मंडळ अस्तित्वांत आलें. १९५५ सालीं तेथेंच संशोधनसंस्था निघाली.

ह्या संस्थेनें केलेलें एक काम आमच्या मतें आमच्या देशांतील शेतकीसंशोधनाच्या उत्तम कामांत मोडतें. जावांतील एका व मलायांतील एका जातीच्या संकरापासून तिनें एक वाण काढला व १९८० सालीं तो लागवडीसाठीं दिला. त्याचें नांव अगदींच रुक्ष, म्हणजे आर. आर. आय. आय. १०५, पण केरळांतील शेतकरी तें नांव आपल्या गायीच्या नांवाप्रमाणें घेतो. डोळा भरून त्याचीं कलमें घराघरांतून लागलीं. मळेवाला साहेब मागें पडला, आणि आज देशांतील रबराचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लहान बागाइतदारांचा आहे. त्यांची संख्या तेरा लक्षांच्या आसपास असून प्रत्येकाची जमीन सरासरी अर्धा हेक्टर. २००६ च्या सुमारास आमचें हेक्टरी उत्पन्न १,८०० किलोंच्या वर गेलें होतें व जगांत त्याची गणना अग्रभागीं होत असे.

गेल्या पौषांत आम्ही पुतण्याकडे दोन आठवडे राहिलों. चीक काढण्याचें काम पहांटे चालतें. सूर्य वर आला कीं झाडांतील रसाचा दाब उतरतो व चीक आटतो. म्हणून चार वाजतां कपाळास दिवा बांधून गडी निघतो. जमिनीपासून सुमारें चार फुटांवर झाडाचा घेर ५० सेंटिमीटर झाल्याशिवाय सुरी लावीत नाहींत, व त्यास आमच्याकडे सात वर्षें सहज लागतात. सुरीचा मार्ग डावीकडून वर व उजवीकडे खालीं, असा तिरपा. हें कां, असें विचारतां गड्यानें सांगितलें, चिकाच्या नळ्या सालींत किंचित् उजवीकडे कलून चढतात, तेव्हां अशा छेदांत त्या अधिक कापल्या जातात. साल काढावयाची ती जेमतेम दीड मिलिमीटर. सुरी आणखी जराशी आंत गेली कीं खोडास गांठ येते, व त्या जागीं पुन्हां साल धड येत नाहीं. तो मनुष्य एका पहांटेस तीनशें झाडें करतो, आणि आम्हीं पाहिलें त्या दिवशीं एकाही झाडास इजा झाली नाहीं. जन्मभर मुलांचीं हस्ताक्षरें तपासलेल्या माणसास हात कसा असतो हें कळतें. हा हात पाहून आम्हांस संतोष वाटला.

नारळाच्या करवंटींत थेंबथेंब जमलेला चीक नऊच्या सुमारास गोळा करून गाळतात. त्यांत रबर असतें तें शेंकडा तीस ते चाळीस; बाकी बहुतेक पाणी. उथळ तबकांत घालून किंचित् फॉर्मिक आम्ल मिसळलें कीं दुसऱ्या दिवशीं तो घट्ट होतो. (हें आम्ल मुंगीच्या दंशांत असतें.) मग उसाच्या चरकासारख्या यंत्रांतून त्याच्या पातळ पोळ्या काढून चार दिवस धुरांत टांगतात. तयार पोळी गुळाच्या रंगाची होते व तिला खमंग, धुरकट वास येतो. प्रतीप्रमाणें तिचे एक ते पांच असे नंबर लागतात. वर्तमानपत्रांत भाव येतो तो बहुधा चौथ्या नंबराचा.

येथेंच आमच्या जांवयांची पहिली तक्रार येते. "मामा, आम्हांला विटा पाहिजेत, आणि हा आम्हांला पापड देतो!" असें ते थट्टेनें म्हणाले. करवंटींतच थिजलेलें रबर यंत्रांत कुटून, धुवून, वाळवून त्याच्या ठराविक वजनाच्या विटा करतात. कचरा किती, राख किती, हें प्रयोगशाळेंत मोजून प्रत ठरते. मोठ्या कारखान्यास हा माल सोयीचा, कारण प्रत्येक खेपेस सारखा येतो. इंडोनेशियांत जवळजवळ सर्व रबर विटांच्याच रूपानें तयार होतें. आमच्याकडे मात्र घराच्या मागील पडवींत धुराची खोली बांधून पोळ्या करण्याची चाल पडली ती पडली. बागाइतदारांच्या सहकारी मंडळ्या १९८६ पासून निघाल्या, त्यांनीं पोळ्या सुधारल्या. विटांचे कारखाने पुरेसे चालले नाहींत. ह्या तक्रारींत तथ्य आहे, असें पुतण्यानेंही कबूल केलें.

आतां कारखान्यांकडे वळूं. गुडइयरनें १८३९ सालीं गंधक व उष्णता ह्यांच्या योगें रबर चिवट करण्याची युक्ति शोधली. डनलॉपनें १८८८ सालीं हवा भरलेला टायर केला. आमच्या देशांत डनलॉपचा कारखाना १९३६ सालीं हुगळीकांठीं साहागंज येथें निघाला, व नंतर थोड्याच वर्षांत फायरस्टोनचा मुंबईंत शिवडीस. ते दोन्ही आतां राहिले नाहींत. राहिले ते बहुधा येथल्याच लोकांनीं उभारलेले किंवा आपल्या हातीं घेतलेले. के. एम. मामेन मापिळ्ळै ह्यांनीं १९४६ सालीं मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथें एका छपरांत मुलांचे फुगे करण्यास आरंभ केला, त्याची आज देशांतील सर्वांत मोठी टायरकंपनी झाली आहे. मूळच्या इटालियन सीएटची हिंदी कंपनी १९५८ सालीं झाली, व तिचा भांडुपचा कारखाना मुंबईकरांस ठाऊक आहेच. शेतकी व खाणींच्या यंत्रांचे राक्षसी टायर करणारी एक मुंबईची कंपनी औरंगाबादजवळ वाळूज येथें व कच्छांत माल करून तो बहुतेक युरोपअमेरिकेस पाठविते. २०२४-२५ सालीं हिंदुस्थानांतून सुमारें २५,००० कोटि रुपयांचे टायर परदेशीं गेले. हा आंकडा पाहिला म्हणजे आमचा माल परक्यांच्या तोडीस उतरतो कीं नाहीं, हा प्रश्न उरत नाहीं.

कृत्रिम रबरानें नैसर्गिक रबराची जागा घेतली असेल, असें आम्हांस वाटत असे. तसें झालेलें नाहीं. आमच्या देशांत पहिलें कृत्रिम रबर १९६३ सालीं बरेली येथें झालें, आणि तें उसाच्या मळीच्या मद्यार्कापासून केलें होतें, ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. आज तें खनिज तेलापासून करतात. मोटारगाडीच्या टायरांत त्याचा भाग मोठा असतो. पण ओझ्याच्या लॉरीचा टायर तापतो, वांकतो, आणि तेथें चिकाचें रबरच टिकतें. विमानाचा टायर तर जवळजवळ सर्वस्वीं त्याचाच. लॉरी हें ज्या देशाचें मुख्य वाहन, त्याची रबराची भूक त्यामुळें भागत नाहीं. २०२३-२४ सालीं देशांत रबर पिकलें सुमारें साडेआठ लक्ष टन, व लागलें चौदा लक्षांहून अधिक. पांच लक्षांच्या जवळपास बाहेरून आणावें लागलें.

इतकें कळल्यावर वादाचें मर्म ध्यानांत येतें. बाहेरच्या रबरावर शेंकडा २५ किंवा किलोस ३० रुपये, ह्यांत जी कमी असेल ती जकात आहे. परदेशी तयार टायरावरची जकात त्याहून हलकी. म्हणजे रबर आणावयाचें तर भारी कर, आणि त्याच रबराचा थायलंडांत झालेला टायर आणावयाचा तर कमी. मग येथें कारखाना कशाला काढावा, असें जांवई विचारतात. जो टायर परदेशीं जावयाचा त्यासाठीं रबर बिनजकाती आणतां येतें हें खरें, परंतु देशांत विकावयाच्या टायरास ती सवलत नाहीं. मिश्रणें घातलेलें रबर हलक्या जकातीनें आणण्याची पळवाट होती. २०२३ च्या अंदाजपत्रकांत तीही २५ टक्क्यांवर नेली.

पुतण्याचें उत्तर आंकड्यांचें नव्हतें, झाडाचें होतें. २०११ च्या एप्रिलांत रबराचा भाव किलोस २४० रुपयांच्या आसपास गेला. त्या तेजीनें थायलंड, व्हिएतनाम, आयव्हरी कोस्ट येथें रानेंच्या रानें लागलीं. तीं झाडें सात वर्षांनीं चीक देऊं लागलीं; चीनची मागणी मंदावली; २०१४ पासून खनिज तेल उतरल्यानें कृत्रिम रबर स्वस्त झालें. २०१६ च्या फेब्रुवारींत आमच्याकडे भाव ९५ रुपयांच्याही खालीं आला. जकात तेव्हांही २५ टक्केच होती. जानेवारींत सरकारनें रबर केवळ चेन्नई व न्हावाशेवा ह्या दोनच बंदरांतून येऊं द्यावें असा हुकूम काढला. पण पूर येऊन गेल्यावर बांध घालण्यासारखें तें झालें. केरळ सरकारनें २०१५ पासून १५० रुपयांची किंमत धरून खालची तूट भरून देण्याची योजना केली. आमच्या महाराष्ट्रांतील मूठभर बागाइतदारांस तसा वाली कोण?

पुतण्याच्या झाडांस पहिली सुरी लागली ती २०१५ सालीं. पांचशें झाडें, वर्षास सुमारें १,३०० किलो रबर. ९० रुपयांनीं त्याचे सव्वा लक्षाच्या आंत आले, व त्यांतील निम्मे चीक काढण्याच्या मजुरींत गेले. त्या उन्हाळ्यांत त्यानें मला सल्ला विचारला. मीं कागदावर हिशेब मांडून झाडें तोडून पुन्हां काजू लावावी असें सांगितलें. वहिनी आंतून म्हणाल्या, "भाऊजी, सात उन्हाळे ह्या झाडांस कळशीनें पाणी मीं घातलेंय. आणखी दोन वर्षें बघूं, मग तोडा." झाडें राहिलीं. हजारों बागांतून असें झालें नाहीं. चीक काढणेंच लोकांनीं सोडून दिलें, नवीं कलमें लावलीं नाहींत. २०१२-१३ सालीं नऊ लक्षांच्या वर गेलेलें देशाचें उत्पादन २०१५-१६ सालीं साडेपांच लक्षांच्या थोडें वर, इतकें घसरलें. ज्या स्वस्ताईवर कारखानदार खूष होता तिनेंच त्याची पुढील दहा वर्षांची आयात वाढवून ठेवली. ह्याच काळांत आयव्हरी कोस्ट, ज्याचें नांव रबराच्या व्यापारांत मागें फारसें कोणी घेत नसे, तें आमच्या पुढें निघून गेलें.

"आणि भाव पडला तेव्हां टायर स्वस्त झाला का, हें विचारा ना काका त्यांना," असें पुतण्या म्हणाला. ह्यावर जांवई गप्प राहिले. वाचकांस स्मरत असेल कीं, २०११-१२ मधील किंमतींबाबत स्पर्धा आयोगानें पांच टायरकंपन्या व त्यांची संघटना ह्यांस संगनमताबद्दल १,७८८ कोटींचा दंड ठोठावला. २०१८ चा तो निर्णय २०२२ सालीं प्रसिद्ध झाला, व त्याच वर्षीं अपील-न्यायाधिकरणानें तो फेरविचारार्थ परत पाठविला. आरोप शाबीत झाला असें म्हणतां येत नाहीं; पण बागाइतदाराच्या मनांतला सल त्यानें गेला नाहीं.

आमचें मत असें झालें आहे कीं, हें भांडण जकातीचें नसून मुदतीचें आहे. कारखाना तीन महिन्यांच्या पुढचा सौदा करीत नाहीं. झाड सात वर्षांनीं दूध देतें व पंचवीस वर्षें उभें राहतें. तीन महिन्यांच्या भावावर पंचवीस वर्षांचें झाड कोण लावील? जकातीनें भाव थोडासा उचलला जातो, पण जगाचाच बाजार कोसळला तर ती तोकडी पडते, आणि जग तेजींत असतां तिची गरजच नसते. ती आज काढून टाकावी असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. दुसरा आधार उभा राहण्यापूर्वीं जुना काढणें शहाणपणाचें नव्हे.

दुसरा आधार कसा असावा, ह्याचा एक नमुना ईशान्येकडे दिसतो. त्रिपुरांत १९६३ पासून वनखात्यानें रबर लावलें, फिरती शेती करणाऱ्या आदिवासी कुटुंबांस बागा करून दिल्या, आणि आज तें राज्य उत्पादनांत केरळाच्या खालोखाल आहे. २०२१ सालीं चार मोठ्या टायरकंपन्यांनीं ईशान्येकडील राज्यांत व बंगालांत दोन लक्ष हेक्टरांवर लागवड करण्यासाठीं पैसा देण्याचें ठरविलें. कारखानदारानें झाडाच्या सात वर्षांत आपला पैसा गुंतविला, असा हा आमच्या पाहण्यांतला पहिलाच मोठा प्रसंग. ह्यापुढें युरोपांत माल पाठवावयाचा तर रबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनींतलें नाहीं, हें बागेच्या नकाशासह दाखवावें लागेल. तो कायदा २०२३ सालीं झाला व त्याचा अंमल पुढें ढकलत गेला आहे. जेथें आपला बागाइतदार चार पिढ्या एकाच जागीं आहे, तेथें हें दाखविणें कठीण जाऊं नये.

कोंकणाविषयीं मात्र फुकटचा उत्साह नको. रबर मंडळानें उत्तर कोंकणांत दापचरी येथें वर्षानुवर्षें प्रयोग केले. तेथें पावसाळ्यानंतरचे सात-आठ महिने कोरडे व उन्हाळा कडक. पाणी दिल्याखेरीज झाड वेळेवर वाढत नाहीं. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोंकास व गोव्याच्या लगतच्या भागांत हवा बरी, म्हणून केरळचे बागाइतदार तिकडे येऊन जमिनी घेऊं लागले, व त्यांच्याकडूनच आमच्या पुतण्यानें ही विद्या घेतली.

२०२४ च्या ऑगस्टांत भाव २४७ रुपयांच्या आसपास गेला, २०११ च्याही वर. त्या वर्षीं पुतण्यानें घराचें छप्पर बदललें. पुढील वर्षीं भाव पुन्हां दोनशेंच्या आसपास उतरला. परवां त्याचें पत्र आलें. विहिरीच्या वरच्या अंगास अर्धा हेक्टर जमीन पडीक आहे. तेथें संशोधनसंस्थेचीं नवीं कलमें लावावीं कीं काजू, असें विचारतो. मीं तें पत्र जांवयांकडे पाठवून दिलें, आणि तुमच्या कारखान्याकडून दहा वर्षांचा करार मिळेल काय, एवढेंच त्यांस विचारलें आहे. अद्याप त्यांचें उत्तर आलेलें नाहीं. रोपवाटिकेंत कलमांची मागणी मात्र चैत्रापूर्वीं नोंदवावी लागते.